सात कामगार की दहा? अंबडमधल्या प्रेस शॉपला डब्ल्यूसी पॉलिसी कितीला पडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात तुमचे प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग काढण्याचे युनिट आहे. दोन पॉवर प्रेस, एक शिअरिंग, एक वेल्डिंग सेट, मालाची ने-आण करायला एक टेम्पो. मस्टरवर सात माणसे, शिवाय कंत्राटदाराकडचे दोन हेल्पर, आणि येत्या एक तारखेपासून गावाकडचा एक मुलगा कामाला येणार आहे. एका मोठ्या कंपनीने वेंडर कोड देण्याआधी, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद करण्याआधी, डब्ल्यूसी (कामगार नुकसानभरपाई विमा) पॉलिसीची प्रत मागितली. एका एजंटाने ६,७९७ रुपये सांगितले, दुसऱ्याने २२,३७३. तुम्ही विचारता: ही पॉलिसी कायद्याने घ्यावीच लागते का, आणि लागत असेल तर स्वस्तातली घ्यायला काय हरकत आहे? दोन्ही कोटेशनचे फोटो टाकलेत आणि प्रत्येकाचा पगारही लिहिलात, हे फार बरे केलेत. त्याशिवाय या प्रश्नाला खरे उत्तर देता येत नाही.

मी गेली बावीस वर्षे सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या छोट्या युनिटांची कामगार कायद्याची कागदपत्रे सांभाळते. पॉलिसी विकत नाही, त्यामुळे तुम्ही कुणाकडून घेता याच्याशी माझा संबंध नाही. अपघातानंतर मालक फाइल घेऊन समोर बसतात तेव्हा त्या फाइलमध्ये काय नसते, ते मात्र मला नीट माहीत झाले आहे. म्हणून उत्तर थोडे लांब होईल.

आधी पहिला प्रश्न. कामगार नुकसानभरपाईचा विमा काढलाच पाहिजे अशी सक्ती १९२३ च्या मूळ कायद्याने केलेली नव्हती. सक्ती होती आणि आहे ती भरपाई देण्याची. काम करताना, कामामुळे अपघात झाला आणि माणूस तीन दिवसांहून जास्त काळ कामाला मुकला, तर भरपाई मालकाने द्यायची. चूक कुणाची हा प्रश्न सहसा येतच नाही. दारूच्या नशेत असणे, मुद्दाम सुरक्षेचा नियम मोडणे, मुद्दाम गार्ड काढून टाकणे असे मोजके बचाव मालकाला मिळतात. पण कामगार दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर तेही चालत नाहीत. त्यामुळे विमा घेतला नाही म्हणून तुमच्यावर खटला होणार नाही, पण विमा नाही म्हणून जबाबदारी एक रुपयानेही कमी होणार नाही. ती गाळ्यातल्या मशीनवर, तुमच्या बँक खात्यावर, मालकी फर्म असेल तर घरावरसुद्धा येते.

मोठी कंपनी प्रत का मागते, तेही यातच आहे. कंत्राटावर काम देणाऱ्या मूळ मालकावर कंत्राटदाराच्या माणसांची जबाबदारी कायदा टाकतो. त्यांच्या आवारात तुमचा हेल्पर माल उतरवताना पडला, तर तो थेट त्यांच्याकडे भरपाई मागू शकतो. त्यांनी ती द्यायची आणि मग तुमच्याकडून वसूल करायची. म्हणून वेंडर कोडआधी ते पॉलिसी बघतात. हाच नियम तुमच्या गाळ्यातही लागू आहे. कंत्राटदाराचे ते दोन हेल्पर तुमच्या प्रेसजवळ उभे राहतात, तेव्हा त्यांच्यासाठी मूळ मालक तुम्ही असता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे दोन ठिकाणी लागेल.

आता त्या दोन कोटेशनकडे येऊ. मी दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. तुम्हाला वाटले असेल की एक एजंट महाग आहे आणि एक स्वस्त. तसे नाही. दोघांनी दर एकच लावला आहे, हजार रुपये पगारामागे १० रुपये. २००७ पासून या विम्याचे दर कंपन्या स्वतः ठरवतात, त्यामुळे दुसरीकडे तुम्हाला वेगळा दरही मिळेल. प्रेसचे काम, मागचे क्लेम, माणसांची संख्या बघून तो वरखाली होतो. पण तुमच्याकडच्या दोन कागदांत दर सारखा आहे आणि फरक फक्त लिहिलेल्या पगारात आहे.

तुमचे खरे आकडे असे: टूलरूमचे काका २६,०००, दोन ऑपरेटर प्रत्येकी १८,०००, वेल्डर १९,०००, टेम्पोचा ड्रायव्हर १७,०००, दोन हेल्पर प्रत्येकी १५,०००. महिन्याचे १,२८,०००. कंत्राटदाराच्या दोघांचे ३०,००० धरले की १,५८,०००, म्हणजे वर्षाचे १८,९६,०००. हजारी १० प्रमाणे १८,९६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २२,३७३. दुसऱ्या एजंटाने सगळी माणसे आणि सगळे पगार धरले आहेत.

पहिल्याने काय केले? माणसे सहा लिहिली. ड्रायव्हर वगळला, कंत्राटदाराचे दोघे वगळले. प्रत्येकाचा पगार ८,००० लिहिला. सहा गुणिले आठ हजार गुणिले बारा, ५,७६,०००. त्यावर ५,७६० आणि जीएसटी. ६,७९७ हा आकडा इतका साधा आहे. हे ८,००० कुठून आले, तेही सांगते. भरपाईच्या हिशोबात महिन्याचा पगार जास्तीत जास्त किती धरायचा याला मर्यादा असते. ३१ मे २०१० पासून ती ८,००० होती आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,००० झाली. काही एजंटांचा फॉर्म अजून जुन्याच आकड्यावर अडकला आहे. वाईट हेतू असेलच असे नाही, पण त्याची किंमत तुम्ही मोजणार आहात.

किती, ते एका उदाहरणावर बघू. तुमच्या दोन हेल्परपैकी एकजण २२ वर्षांचा आहे असे लिहिले आहे. देव करो आणि असे काही न होवो, पण तो कामावर दगावला तर भरपाईचे सूत्र असे आहे: महिन्याच्या पगाराचे ५० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. २२ व्या वर्षाचा गुणक २२१.३७. पगार १५,०००, त्याचा निम्मा ७,५००. गुणाकार १६,६०,२७५ रुपये. कायद्याने तुम्ही एवढे देणे लागता. ८,००० पगार लिहिलेल्या पॉलिसीवर विमा कंपनी ४,००० गुणिले २२१.३७ असा हिशोब मांडते, म्हणजे ८,८५,४८०. उरलेले ७,७४,७९५ तुमच्याकडे येतात. वर्षाला १५,५७६ रुपये वाचवून एवढी जोखीम तुम्ही अंगावर घेताय. आणि दगावलेला माणूस कंत्राटदाराचा असेल, ज्याचे नाव-संख्या पॉलिसीत कुठेच नाही, तर विमा कंपनी हात वर करते आणि पूर्ण रक्कम तुमची.

कायमच्या पूर्ण अपंगत्वात ५० च्या जागी ६० टक्के धरतात, म्हणून त्याच मुलाचा आकडा १९,९२,३३० होतो. लोकांना वाटते मृत्यूचीच भरपाई सर्वांत मोठी, तसे नाही.

प्रेस शॉपमध्ये मात्र रोजची भीती बोटांची असते. त्याची कायद्यात यादीच आहे: अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेचे नुकसान ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट पूर्ण गेले तर १२, एका हाताची दोन बोटे गेली तर २०, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५०, पूर्ण हात गेला तर ६०. ही टक्केवारी पूर्ण अपंगत्वाच्या रकमेला लावायची. पण ती तळरेषा समजा. १९७६ च्या प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान १०० टक्के धरले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. वेल्डरचा उजवा हात, ऑपरेटरची पकड, हे त्याच नजरेने पाहिले जाते.

एक प्रकरण सांगते, कारण तुमच्यासारखेच युनिट होते. मालक माझ्याकडे आले ते कोर्टाची नोटीस हातात पडल्यावर. सहा माणसांचे प्रेस शॉप. प्रेसला दोन हातांची बटणे होती. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये (साच्यात) राहूच शकत नाही. पण तसे केले की तासाला नग कमी निघतात. म्हणून डाव्या बटणावर चिंधीची घडी ठेवून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली. ते बटण कायमचे दाबलेले. एक हात मोकळा, तो पट्टी सरकवायला. मी गाळ्यात गेले तेव्हा, अपघाताला दीड वर्ष होऊन गेल्यावरही, ट्यूबचा काळा वळ बटणाच्या कडेला तसाच दिसत होता. ही युक्ती कामगाराची नव्हती, सुपरवायझरने बांधून दिली होती. त्यामुळे 'त्याने मुद्दाम सुरक्षा काढली' हा बचाव सुरू होण्याआधीच संपला.

मुलगा २७ वर्षांचा, पगार १४,०००. उजव्या हाताची दोन बोटे गेली. शेठ मनाने वाईट नव्हते. रात्रीच खासगी दवाखान्यात नेले, सगळे बिल भरले, वर ४०,००० रोख दिले आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले की आता माझी काही मागणी नाही. त्यांना वाटले, विषय मिटला. असा करार कायद्यापुढे उभा राहत नाही. कामगाराने हक्क सोडल्याचे लिहून दिले तरी ते रद्दबातल असते. तडजोड करायचीच असेल तर ती कामगार भरपाई आयुक्तांपुढे नोंदवावी लागते. मुलाने मुदतीत, म्हणजे दोन वर्षांच्या आत अर्ज केला. हिशोब सरळ होता: १४,००० चे ६० टक्के ८,४००, गुणिले २७ व्या वर्षाचा गुणक २१३.५७, त्याचे २० टक्के. ३,५८,७९८ रुपये. रक्कम वेळेत न दिल्याने १२ टक्के सरळ व्याज; निकालापर्यंत जवळजवळ चार वर्षे गेली, व्याजच एक लाख बहात्तर हजारांच्या आसपास.

पॉलिसी होती का? होती, आणि हेच मला सर्वांत लागले. नावांच्या यादीची पॉलिसी, यादीत चार नावे. हा मुलगा दोन महिन्यांपूर्वी लागला होता आणि त्याचे नाव कळवायचे राहून गेले होते. एक मेल पाठवायचा होता. शिवाय अपघात कंपनीला कळवलाच नव्हता, कारण 'आपसात मिटले' होते. विमा कंपनीने दोन्ही कारणे दिली आणि आम्हाला त्यावर बोलायला फारसे काही नव्हते. ४०,००० रोख दिल्याची पावती नव्हती, स्टॅम्प पेपर कुणी मानला नाही. दवाखान्याचे बिल तर पॉलिसीत नाव असते तरी मिळाले नसते, कारण वैद्यकीय खर्चाचे वाढीव कलम त्यांनी घेतले नव्हते.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबते. २००९ च्या दुरुस्तीनंतर कामावरच्या इजेवर झालेला प्रत्यक्ष उपचारखर्चही मालकाने द्यायचा आहे. साध्या पॉलिसीत तो नसतो. वैद्यकीय विस्तार वेगळा मागावा लागतो आणि त्याला मर्यादा घालून वेगळा प्रीमियम लागतो. तुमच्या दोन्ही कोटेशनांत तो नाही. मी तुमच्या जागी असते तर दुसऱ्या एजंटाकडून हा विस्तार घालून सुधारित आकडा मागवला असता. प्रेसवर चिरडलेल्या हाताला दोन-तीन शस्त्रक्रिया सहज लागतात आणि ते बिल भरपाईच्या आधी, त्याच आठवड्यात समोर येते.

व्याजाचेही पॉलिसीत वाचून घ्या. काही पॉलिसी व्याज देतात, काहींत ते स्पष्ट वगळलेले असते, आणि असे वगळता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केले आहे. उशिराबद्दलचा दंड, जो रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, तो मात्र मालकानेच भरायचा असतो. म्हणजे विमा काढला म्हणून पैसे द्यायला उशीर केला तर चालते, असे नाही.

कायद्याच्या नावाबद्दलही एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात गेला. ५० टक्के, ६० टक्के, वयाचा गुणक हे सूत्र तेच आहे. पण एक मोठा बदल आहे: घरून कामावर येताना किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघातही, वेळ-जागा-परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचा अपघात धरला जातो. तुमची माणसे पहाटेच्या शिफ्टला पाथर्डी फाट्यावरून, सिडकोतून दुचाकीवर येतात. म्हणून पॉलिसीवर नुसता जुन्या कायद्याचा उल्लेख असेल तर नव्या संहितेखालची जबाबदारी आणि येण्या-जाण्याचा अपघात दोन्ही धरले आहेत असे लेखी एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली पुरवणी, मागा. तोंडी 'हो मॅडम, सगळे कव्हर असते' यावर मी कधी विसंबत नाही, तुम्हीही विसंबू नका.

काहीजण तुम्हाला सांगतील की सगळ्यांची २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढून टाका, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. काढाच, चांगली योजना आहे. पण ते पैसे कामगाराच्या स्वतःच्या विम्याचे. तुमच्या देण्यातून ते वजा होत नाहीत. ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसीचेही तसेच. मोठ्या कंपनीला त्याची प्रत दिलीत तर ती परत येईल.

टेम्पोच्या ड्रायव्हरसाठी गाडीच्या विम्यात मालवाहू वाहनाच्या चालकाची जबाबदारी धरलेली असते, तेव्हा ती पॉलिसी चालू आहे ना, लायसन्स त्या वर्गाचे आहे ना, हे बघा. पण तोच ड्रायव्हर गाळ्यात पत्र्याचे शीट उचलताना जखमी झाला तर गाडीचा विमा कामाला येणार नाही. म्हणून तो डब्ल्यूसीतही हवा.

आतापर्यंतचे एका दमात सांगायचे तर: विमा ऐच्छिक, भरपाई सक्तीची, स्वस्त कोटेशन स्वस्त नाही, अर्धवट आहे, वैद्यकीय विस्तार आणि नव्या संहितेचा उल्लेख दोन्हीत नाही. इथपर्यंत तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर झाले. पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट तुमच्याच माहितीत आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

तुम्ही लिहिलेत, 'आम्ही सातच आहोत, त्यामुळे ईएसआयसी लागत नाही.' ईएसआय म्हणजे कामगारांसाठीची सरकारी कर्मचारी राज्य विमा योजना. मोजून पाहू. मस्टरवर सात, ड्रायव्हर त्यातच आला. कंत्राटदाराचे दोन, नऊ. हे दोघे दुसऱ्याच्या पगारपत्रकावर आहेत म्हणून मोजायचे नाहीत असे नसते. तुमच्या आवारात तुमचे काम करतात, म्हणून ते तुमच्या संख्येत येतात. एक तारखेला गावाकडचा मुलगा आला की दहा. दहा झाले की ईएसआय लागू, आणि लागू झाल्यापासून १५ दिवसांत नोंदणी करायची. टूलरूमच्या काकांचा पगार २१,००० च्या वर आहे म्हणून ते योजनेचे सभासद होणार नाहीत, पण दहाच्या मोजणीत त्यांचेही डोके धरले जाते. आणि एकदा लागू झाली की पुढे माणसे नऊवर आली तरी ती सुटत नाही.

घाबरू नका, ही वाईट बातमी नाही. तुमची नऊ माणसे, काका सोडून आणि नव्या मुलाचे १५,००० धरून, मिळून महिन्याचा पगार १,४७,००० होतो. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, सुमारे ४,७७८ रुपये महिना, वर्षाचे साधारण ५७,३३०. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, १५,००० पगारातून महिन्याला ११३ रुपये. हे २०१९ च्या जुलैपासूनचे दर आहेत. त्याआधी मालकाला ४.७५ टक्के भरावे लागत. कंत्राटदाराच्या दोघांचा भरणा तुम्ही केलात तर तो त्याच्या बिलातून वळता करता येतो, तसे त्याच्या करारात आजच लिहून घ्या.

डब्ल्यूसीच्या २२,३७३ पेक्षा हा आकडा मोठा दिसतो, बरोबर आहे. पण त्यात काय मिळते ते बघा. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून हक्क. कामावर नसताना सुमारे ९० टक्के वेतन. दगावल्यास कुटुंबाला दरमहा निर्वाहभत्ता. आणि कामगारासह त्याच्या घरच्यांचे उपचार सातपूरच्या ईएसआय रुग्णालयातून. आणि मालकासाठी सर्वांत मोठी गोष्ट: जो कामगार ईएसआयखाली विमाधारक आहे, त्याच्या कामावरच्या इजेसाठी तुमच्यावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. सोळा लाखांची ती टांगती तलवार त्या माणसापुरती जाते. उलट नोंदणी टाळलीत आणि मधेच अपघात झाला, तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन तो खर्च तुमच्याकडून वसूल करू शकते.

मग डब्ल्यूसी घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण वेगळ्या मापाची. काकांसाठी ती हवीच, कारण २१,००० च्या वरचा माणूस ईएसआयच्या बाहेर राहतो आणि त्याची पूर्ण जबाबदारी तुमची. वरच्याच दराने २६,००० पगारावर वर्षाचे ३,१२० आणि जीएसटी, साधारण ३,६८२. छोट्या पॉलिसीला कंपनीचा किमान प्रीमियम लागला तर थोडे जास्त. माझा सल्ला असा की ईएसआयचे नंबर सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत पूर्ण माणसांची पॉलिसी ठेवा. एक तारीख इतकी जवळ आहे की मी सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या पॉलिसीत मधेच बदल करून मिळेल का हे एजंटाला आधीच विचारले असते. वेंडर कोडसाठी मोठी कंपनी ईएसआयचे चलन आणि उरलेल्यांची डब्ल्यूसी असा जोड सहसा स्वीकारते. त्यांच्या खरेदी विभागाला मेलवर विचारून ठेवा.

तुम्ही एजंटाला द्यायच्या माहितीबद्दल विचारले होते. तीन महिन्यांचे पगारपत्रक, ओव्हरटाइमसह; कोण कोणत्या मशीनवर ते खरे; कंत्राटदाराच्या माणसांची नावे. प्रेस ऑपरेटरला 'ऑफिस स्टाफ' लिहू देऊ नका. नावांच्या यादीऐवजी कामाच्या वर्गाप्रमाणे संख्येची पॉलिसी मिळाली तर छोट्या युनिटला ती बरी, माणसे बदलतात. पण संख्या वाढली की त्याच दिवशी कळवायचे.

आणि अपघात झालाच तर क्रम ठरवून ठेवा. माणसाला आधी दवाखान्यात न्या आणि तिथे कामावरचा अपघात म्हणून खरी नोंद होऊ द्या. 'घरी पडला' असे सांगण्याचा मोह पुढे सगळ्यांना महागात पडतो. विमा कंपनीला त्याच दिवशी मेल. बिले, एक्स-रे, मस्टरचे पान, मशीनचा फोटो जपून. मृत्यू झाला तर सात दिवसांत आयुक्तांना अहवाल, आणि भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची. कुटुंबाच्या हाती, कितीही चांगल्या मनाने, थेट लाखो रुपये दिलेत तर कायदा ती भरपाई दिली असे मानत नाही. फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वारसांना देता येते. मी एका मालकांना तीच रक्कम दोनदा देताना पाहिले आहे.

तुमच्या गावाकडच्या मुलाबद्दल शेवटचे. त्याचे आधार कार्ड पाहा. अठरा पूर्ण नसतील तर प्रेसवर तो नकोच. पूर्ण असतील तर एक तारखेची वाट न बघता आदल्या दिवशीच त्याचे नाव विमा कंपनीला मेल करा आणि पोच आल्याचे उत्तर प्रिंट काढून मस्टरला लावा. त्याच संध्याकाळी गाळा बंद करण्याआधी दोन्ही प्रेसच्या बटणांवर हात फिरवून बघा, कुठे चिंधी किंवा ट्यूब बांधलेली नाही ना. मग त्याला कामावर घ्या.